दयाळाच्या पिल्लांचा बाप

माझी मुलगी दयाळ पक्ष्यांवर संशोधन करते. त्यांच्या घरट्यांसाठी लागणाऱ्या लाकडी पेट्या माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर बंगळूरला, आमच्या बसवनगुडीच्या घरामागे बसून केल्या. पिल्लांच्या रक्ताच्या थेंबावरून त्यांचा बाप कोण, हे ती तपासते.

नवरा तिचा सावत्र बाप. आमचं लग्न झालं तेव्हा ती पहिलीत होती. ती त्याला काका म्हणते. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तिचं लग्न ठरलं तसा माझ्या पहिल्या नवऱ्याचा नागपूरहून फोन आला. एरवी फक्त वाढदिवसाला मेसेज करणारा माणूस. "कन्यादानाला मी बसेन," म्हणाला. म्हणजे शेजारच्या पाटावर मी. मी सरळ नाही म्हणणार होते, पण माझा नवराच म्हणाला, "तिचे वडील आहेत. बसू दे." त्यानंतर हॉल, जेवण, आहेर, कशातच तो तोंड उघडेना.

एका रविवारी जेवताना लेक म्हणाली, "काका, आंब्यावरच्या पेटीतलं एक पिल्लू दुसऱ्याच नराचं निघालं."

"आणि घरचा नर?"

"सगळ्यांना सारखेच किडे भरवत होता. आपलं कुठलं, ते त्याला कळत नसावं."

"तुझ्यासारखाच," मी नवऱ्याला म्हटलं. मला ते कौतुक वाटलं होतं.

त्याने ताकाचा पेला खाली ठेवला. "माझ्यासारखा कसा? त्याला माहीत नसतं. मला माहीत होतं."

मी भात वाढला. लेकीने त्यावर वरण घेतलं.

"काका, सोवळं नेसता येतं का तुम्हाला?"

"कशाला?"

"मग पाटावर काय बर्म्युडा घालून बसणार? नागपूरला मी फोन करते. पहिल्या रांगेत बसा म्हणते."

"त्यांना वाईट वाटेल गं."

"वाटेल," ती म्हणाली. "लोणचं द्या."

संध्याकाळी आम्ही दोघं गांधी बाजारात गेलो. सोवळं हल्ली शिवलेलं मिळतं, पँटसारखं चढवायचं. नवऱ्याने ते घालून दुकानातच दोनदा मांडी घालून पाहिली.

"अण्णा, कंबरेत स्वल्प सैल हवं," त्याने दुकानदाराला सांगितलं. "बराच वेळ बसायचंय."