उस्मानाबादच्या मेळाव्यात पाळलेली शांतता

आता काय सांगू, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढं मला रडू येतं.

आमचं वाचनालय नळदुर्गात, हमरस्त्याला लागून. ट्रक थांबला की ड्रायव्हर मंडळी आत येणार, एकजण पेपर मोठ्यानं वाचणार, बाकीचे त्यावर भांडणार. मग मी टेबलावर रूळ आपटून ओरडायचो, "शांतता राखा!" दिवसभर हेच. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा उशी बडवता. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

त्या वर्षी उस्मानाबादला ग्रंथपाल संघाचा मेळावा भरला. ग्रंथपालांनी पुढारपण कसं करावं, हा विषय. शेवटी जिल्ह्याचा चिटणीस निवडायचा होता, आणि तो मीच होणार हे ठरल्यात जमा होतं. परंड्याच्या वाचनालयाचे व्यंकटराव माझे जुने स्नेही. त्यांनी शब्दच दिला होता, "तुमचं नाव निघालं की अनुमोदन माझं. बेफिकीर ऱ्हावा."

मी इतका बेफिकीर झालो की गावभर सांगूनच निघालो. मंडळींनी हारसुद्धा सांगून ठेवला.

अध्यक्ष एक वकीलसाहेब. दुपारी पुरणपोळी आणि त्यावर त्यांचं भाषण. पहिल्या रांगेत मला डुलकी लागली. माणूस आहे हो मी! तेवढ्यात साहेबांनी आवाज चढवला, "ग्रंथपालांनो, आता गप्प बसू नका. बोला!"

माझ्या झोपेतल्या कानाला एवढंच कळलं की वाचनालयात कुणीतरी ओरडतंय. खुर्चीच्या हातावर थाप मारून मी गरजलो, "शांतता राखा! ज्याला बोलायचंय त्यानं भाईर व्हावं!"

डोळे उघडले तर साहेब आ वासून उभे. आता हशा पिकणार, असं वाटलं. पण मागं बसलेले सगळे ग्रंथपाल! जन्मभर दुसऱ्याला गप्प केलेली माणसं. एकजणही खोकेना.

साहेब मटकन खाली बसले. मी माफी मागायला उठलो, तर मागच्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून मला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

साहेबांनी रागारागात थेट निवडणूकच पुकारली. "चिटणीसपदासाठी नळदुर्गकरांचं नाव आलंय. अनुमोदन कुणाचं?"

शांतता.

"आहे का कुणी?"

मी वळून व्यंकटरावांकडं पाहिलं. ते डोळ्यांनी मला धीर देत होते. तोंड मात्र बंद.

इतक्यात दारातून सोनारीचे दिगंबरपंत शिरले. "माफ करा मंडळी, येडशीची गाडी लई लेट झाली. जेवणं उरकली काय?"

साहेबांचा चेहरा उजळला. "चला, एकाला तरी तोंड आहे. यांनाच चिटणीस करू. कुणाची हरकत?"

हूं नाही की चूं नाही. एकमतानं निवड झाली.

बाहेर आल्यावर मी व्यंकटरावांना धरलं. "अहो, एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

ते कळवळून म्हणाले, "बोललो असतो की. पण तुमीच म्हणलाव, बोलायचं तर भाईर व्हा. भाईर गेल्यावर अनुमोदन कसं द्यावं?"

मी तसाच गावी परतलो.

हार मात्र वाया गेला नाही. मंडळींनी तो वाचनालयातल्या 'शांतता राखा' या पाटीला घातला.