मालक एक, नोकर तोच

समुद्र मला अजूनही पुरता खरा वाटत नाही. माझ्या गावाकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारं आभाळ. त्यामुळं पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेलो की मी चालता चालता थोडा हरवतो. त्या दुपारी ओहोटी होती. बोटी चिखलात कलून निजल्या होत्या, काठ्यांवर बोंबील वाळत होते. माझ्या पिशवीत एक कागद होता आणि त्यावर एका सहीची जागा रिकामी होती.

सातिवलीत माझा भाड्याचा गाळा आहे. जळालेल्या विजेच्या मोटारींची तार काढून नवी भरायची, हे माझं काम. ज्या कारखान्याच्या मोटारी मी वर्षानुवर्षं भरल्या, त्यांनी सांगून टाकलं होतं की यापुढं काम कंपनीलाच, सुट्या माणसाला नाही. महिनाअखेरपर्यंत कागद आणा. ते काम गेलं असतं तर गाळा गेला असता, आणि मी परत गावाला.

आठवीत शाळा सुटलेल्या माणसाची कंपनी निघते, तीही एकट्याची, हे मला विरारच्या कर सल्लागार मॅडमनी सांगितलं. माझ्या शिक्षणाचा रकाना भरताना त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तो उपकार मी विसरणार नाही.

"दादा, नोकर किती?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"आणि तुम्ही?"

"मी मालक ना."

"कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. कंपनी तुम्हाला पगार देणार, त्यातून व्यवसाय कर कापणार आणि सरकारला भरणार. त्याचीच ही नोंदणी. गाळ्याच्या मालकिणीचं ना हरकत पत्र तेवढं आणा."

मी मान हलवली, पण कळलं काहीच नव्हतं. रिक्षात बसल्यावर वाटत राहिलं, शेजारी माझ्यासारखाच एक जण बसलाय आणि आमच्यातल्या कुणी उतरायचं ते ठरत नाहीये.

मालकीण मावशी दारात बसून सुके बोंबील निवडत होत्या. नवऱ्यामागं बोट विकून त्यांनी तो गाळा घेतलेला. कागदावर 'कर' हा शब्द दिसला तसा त्यांनी तो बाजूला सारला.

"कराची मानसं माझ्या दारात नाय यायला पायजेत."

"नाही येणार, मावशी. कर माझा. पत्ता फक्त गाळ्याचा."

"किती मानसं कंपनीत?"

"एक. मीच."

"मालक तूच, खलाशी तूच. मग भांडतोस कोनाशी?"

मी हसलो. मॅडमचं बोलणं सांगायला गेलो तर सगळं उलटसुलट झालं. मावशी सुपली उचलून आत जायला निघाल्या. तेव्हा तोंडातून खरं तेच निघालं. "मावशी, मलाच कळलेलं नाहीये. मालकाला पगार कसा असतो?"

त्या परत बसल्या. चिखलातल्या बोटींकडं त्यांनी हात केला.

"माझा नवरा बोटीचा मालक. पन दर्यात स्वतः जायचा तं त्याचे वाटे दोन. एक बोटीचा, एक हाताचा. बोटीच्या वाट्यातून इंजिन, डिझेल. हाताच्या वाट्यातून चूल. तापानं घरी निजला तं हाताचा वाटा नाय. मालक असला तरी नाय."

मॅडमचा अख्खा अर्ज मला तेव्हा समजला, त्या खाऱ्या वासात, उन्हानं डोळे मिटत असताना.

"म्हंजे तुला हाताचा वाटा लिहून पायजे," मावशी म्हणाल्या. "मग कर कर काय लावलंस?"

पदराला हात पुसून त्यांनी सही केली. पूर्ण नाव, चित्र काढावं तसं.

महिना संपायच्या आत कंपनी निघाली, कराचा नंबर आला, कारखान्याचं कामही टिकलं. पहिला पगार काढायची वेळ आली तेव्हा तांब्याची तार महागली होती. सवयीनं वाटलं, या खेपेला माझं राहू दे. आजवर मी माझं राहूच देत आलो होतो. या वेळी मात्र तारच थोडी कमी घेतली. पगारातून कर कापला आणि पगाराच्या कागदावर दोन सह्या केल्या, एक देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. घेणाऱ्याची जरा जपून केली.