कुणालाच न येणारं गाणं

कुणकेश्वरच्या आमच्या घरी दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. त्यातल्या एकीत दिवाळीनंतर पोलंडची एक बाई महिनाभर राहायला आली. सत्तरीची, पांढऱ्याशुभ्र केसांची, आणि आवाज इतका घोगरा की माझ्या सासूबाईंना वाटलं, हिला सर्दीच झालीय. त्या तिला रोज हळदीचं दूध द्यायच्या. ती निमूट प्यायची. मी इंग्रजीची शिक्षिका, त्यामुळे दोघींमधली दुभाषी मीच. पण मी जामसंड्याला शाळेत गेले तरी त्यांचं माझ्यावाचून अडत नसे. एक मालवणीत बोलायची, दुसरी पोलिशमध्ये, आणि दुपारपर्यंत बांगड्याचं तिखलं तयार असायचं.

एका सोमवारी मी तिला देवळात नेलं होतं. परतताना किनाऱ्यावर गोव्याहून मोटरसायकलने आलेलं एक जोडपं भेटलं, तिच्याच देशातलं. त्यातली मुलगी हिला बघून जागीच थांबली आणि रडायला लागली. पाहुणीने तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. मग ती मुलगी मला म्हणाली की, या गायिकेची गाणी ठाऊक नाहीत असं घर आमच्याकडे सापडायचं नाही. तिची स्वतःची आजी बटाटे सोलताना हिचीच गाणी म्हणायची.

संध्याकाळी पडवीत बसल्यावर पाहुणीने आपणहून सगळं सांगितलं. बाप कोळशाच्या खाणीत, आई शेतकऱ्याची लेक. लग्नांत गाता गाता ती रेडिओवर पोचली आणि तिथून देशभर. लष्करी राजवट आली तेव्हा तिने टीव्हीवर गायला नकार दिला. ती वर्षं ती चर्चमध्ये आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत गायली, खिडक्या लावून. तेव्हा मी सगळ्यात चांगली गायले, असं म्हणाली. पुढे राजवट गेली, मोठी सभागृहं परत मिळाली. उतारवयात गळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात, लोकांच्या लाडक्या गाण्यात तिचा आवाज तुटला. समोरच्या सगळ्यांनी उभं राहून उरलेलं गाणं म्हटलं. तिने वाकून नमस्कार केला, घरी गेली आणि गाणं सोडलं.

"त्यांनी प्रेमानेच केलं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, आता माझी गरज नाही."

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की दुधाने गुण येणार नव्हता तर हिने आधी का नाही सांगितलं? हे ऐकून पाहुणी पोट धरून हसली. तिला दूध आवडत होतं.

तुळशीच्या लग्नाला आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शेजारपाजार जमला. चुरमुरे वाटून झाले, भजन रंगलं. एक अभंग संपला तशा सासूबाई पाहुणीकडे वळल्या, "बाय, आता तू म्हण." मी भाषांतर करायला कचरले, पण तिला कळलं होतं. पेटीवाला तिच्यासाठी सूर शोधू लागला. ती हाताने खुणावत राहिली, खाली, अजून खाली. मग तिने आईकडून शिकलेलं कापणीचं गाणं सुरू केलं.

अर्ध्यावर आवाज तुटला. तिने डोळे मिटून घेतले. ते गाणं आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, पूर्ण कोण करणार? पेटीवाल्याने सूर तेवढा धरून ठेवला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठलं नाही.

"सावकाश म्हण गो," सासूबाई म्हणाल्या. "आमी थांबतंव."

तिने तीच ओळ पुन्हा घेतली. पुढे आणखी एकदा आवाज फाटला, तेव्हा मात्र ती थांबली नाही. शेवटपर्यंत गेली.

आता ती आपल्या गावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा गाते, खुर्चीवर बसून, त्याच खालच्या सुरात. व्हिडिओ माझ्या मोबाइलवर येतात. सासूबाई मोबाइल घेऊन वाडीभर फिरतात आणि सगळ्यांना सांगतात, "ही आमची बाय." गाण्याचा अर्थ कुणी विचारला तर म्हणतात, आधी नीट ऐक.