पहिल्या वळणावरचा दुधाचा ट्रक

त्या गेमचं नाव मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही. डिस्कवर कुठल्यातरी परदेशी भाषेतली अक्षरं होती आणि खाली एक पिवळी मोटार. तिला डोळे होते, आणि भुवया वर उचललेल्या. पूर्वी डीव्हीडी प्लेअर विकत घेतला की त्याच्यासोबत असली एखादी डिस्क फुकट यायची. लोक सिनेमे बघायचे आणि ही डिस्क खोक्यातच राहायची.

मी ती पहिल्यांदा पाहिली दादरच्या एका घरात. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे चंद्रपूरच्याही पलीकडच्या आमच्या गावाहून मी मुंबईला आले ती आजारी म्हाताऱ्या माणसांचं करायला. अशी कामाची माणसं पुरवणारा ब्युरो ज्या घरी पाठवील तिथे राहायचं. दादरच्या आजी दुपारी झोपल्या की त्यांची दहा वर्षांची नात माझ्या हातात रिमोट द्यायची आणि म्हणायची, "ताई, खेळ ना."

खेळ म्हणजे कार्टूनच होतं ते. पिवळी मोटार घाटातून आपली आपण पळायची. वळण आलं की ती भुवया उचलायची, आणि तेवढ्यात आपण रिमोटवरचा डावा नाही तर उजवा बाण दाबायचा. बरोबर दाबला तर चित्र पुढे जायचं. चुकला तर मोटार पापडासारखी चपटी व्हायची आणि एक कावळा येऊन तिच्यावर बसायचा. पहिल्याच वळणावर समोरून दुधाचा ट्रक यायचा. मी डावा बाण दाबायचे आणि दर वेळी कावळा यायचा. शेवटी त्या मुलीने मला पाठ करून दिलं, "पहिलं उजवं, दुसरं उजवं, पुलावर डावं." मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. उजवंच का, हे मी विचारलं नाही. शाळा सुटलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, त्यातलीच ही एक, असं मी धरून चालले.

यंदा मला लालबागचं घर मिळालं. जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर दोन खोल्या. बाबा, त्यांचा मुलगा आणि सून. बाबांनी तीस-बत्तीस वर्षं शहरातली बस चालवली. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. बोलता येत होतं, पण ते बोलायचेच नाहीत. फार तर "हूं". ताटात डावीकडे वाढलेली कोशिंबीर तशीच राहायची, जणू तिथे ताटच नाही. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, डाव्या बाजूचं भान गेलंय, ते येतंय का बघा. आणि बोललेलं किती कळतंय, तेही बघा.

दोन महिने आम्ही बघत होतो. मग एका संध्याकाळी दादांनी, म्हणजे बाबांच्या मुलाने, मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. कर्जतला एक जागा आहे, डॉक्टर-नर्स सगळं तिथेच. बाबांना आता घर काय आणि कर्जत काय, काही कळत असेल असं वाटत नाही. रविवारी बघून येतो."

दादा वाईट माणूस नव्हे. बोलताना ते ओट्यावरचं पाणी बोटाने पुसत होते. मी "बरं" म्हटलं, पण मन घेईना. या घरात मला कोणी वेगळ्या कपात चहा दिला नाही. वहिनी, म्हणजे बाबांच्या सूनबाई, माझ्या आईशी फोनवर बोलायच्या. पण माझं सोडा. बाबा खिडकीशी बसून खालच्या पुलावरच्या गाड्या बघायचे, आणि मला आतून वाटायचं की हा माणूस नुसता बसलेला नाही, खरोखर बघतोय. सांगणार कुणाला? पुरावा काय?

त्याच आठवड्यात माळा आवरताना खोक्यात प्लेअर सापडला, आणि त्यात ती पिवळी मोटार. मला इतका आनंद झाला की मी खोकं पोटाशी धरून शिडीवरून उतरले. म्हटलं, ड्रायव्हर माणूस आहे, गाडी पाहून तरी हात हलवील. लाल, पांढरी, पिवळी वायर टीव्हीच्या मागे खुपसली. चित्र आलं. तेच घाट, तीच झाडं. रिमोट मी बाबांच्या उजव्या हातात दिला.

"बाबा, ट्रक आला की उजवं दाबा. उजवं."

बाबांनी डावं दाबलं. कावळा आला. परत लावलं, परत डावं. सात-आठ वेळा तेच. मी उजवा बाण बोटाने दाखवत होते, ते माझं बोट बाजूला सारून डावा बाण दाबत होते. एवढ्यात दादा ऑफिसातून आले आणि दारात उभे राहिले. त्यांनी दोन अपघात पाहिले.

"बघितलंत ना, ताई," ते हळूच म्हणाले. "इतकं सोपं सांगताय तुम्ही, तरी."

त्यांनी तिथूनच कर्जतला फोन लावला आणि रविवारची वेळ पक्की केली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाबांचं काही कळत नाही, हे मीच सिद्ध करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते सगळं गुंडाळून परत माळ्यावर टाकणार होते. त्याआधी, का कोण जाणे, एकदा स्वतः खेळावंसं वाटलं. बाबा शेजारी खुर्चीत होते. ट्रक आला, मी उजवं दाबलं, मोटार सुटली.

"राँग साइड," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. दोन महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेले हे पहिले शब्द होते.

"काय म्हणालात, बाबा?"

"राँग साइडन हाकतंस. डाव्यान चलाव." ते त्यांच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले.

"अहो, पण डावं दाबलं की अपघात होतो."

"होतलो नाय तर काय. समोरचो राँग साइडन येता." मग त्यांनी बोट टीव्हीकडे केलं. "स्टेअरिंग बघ. खय हा?"

मी वाकून पाहिलं. पिवळ्या मोटारीचं स्टेअरिंग डावीकडे होतं. ही गाडी ज्या देशातली, तिथले लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवतात, म्हणून समोरचा ट्रक आपल्या डावीकडून येतो, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"फॉरेनची गाडी ती. पण चलवतंय मी लालबागात."

मला हसावं की रडावं कळेना. ज्याला डावी बाजू दिसत नाही तो माणूस दर वेळी डावंच कसं दाबेल, हे मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. त्यांना नुसतं दिसतच होतं असं नाही, नियमही पाठ होता. माझ्यासारखा घोकलेला नव्हे, अंगात मुरलेला.

संध्याकाळी दादांनी बॅग ठेवायच्या आत मी सगळं सांगितलं. माझं बोलणं धडपणे होत नव्हतं. ते ऐकून घेत होते, पण चेहरा तसाच.

"ताई, तुमचा जीव आहे बाबांवर, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

"तुम्ही खेळून बघा ना, दादा. एकदाच."

माझ्या समाधानासाठी त्यांनी रिमोट घेतला. बूटसुद्धा काढले नव्हते. ट्रक आला, भुवया वर गेल्या, आणि दादांनी डावं दाबलं. मोटार चपटी झाली. कावळा बसला. दादा टीव्हीकडे बघतच राहिले.

"माझो झील बरोबर गेलो," बाबा मुलाकडे बघत मला म्हणाले. "ट्रकवालो चुकलो."

दादा खाली जमिनीवर बसले, बाबांच्या खुर्चीला टेकून. त्यांनी परत सुरू केलं आणि ट्रक दिसताच चित्र थांबवलं.

"बाबा, डावीकडे काय काय आहे ते सांगा मला."

"स्टेअरिंग. एक म्हस. फाटकाक निळो रंग." बाबा थांबले. दम लागला होता. मग मान जरा आणखी डावीकडे वळवून म्हणाले, "आणि सून कवापासून दारात उभी हा. तिका आत येवक सांग."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. वहिनी खरंच उभ्या होत्या, खांद्यावर पर्स, हातात मेथीची जुडी. टीव्हीच्या आवाजात आम्हाला लॅचचा आवाज आला नव्हता. त्या आत आल्या नाहीत, तिथेच चौकटीला टेकल्या आणि तोंडाला पदर लावला.

मग दादा उठले, फोन घेऊन गॅलरीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं. "नाही, रविवारी नको. नाही, पुढच्याही नको. कळवीन गरज पडली तर."

मी स्वयंपाकघरात गेले. कुकरला शिट्टी लावली की नाही, डाळीत पाणी घातलं की नाही, काही आठवेना. झाकण उघडून पाहिलं तर आत तांदूळ डाळ काहीच नव्हतं, नुसतं पाणी उकळत होतं. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले आणि किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, फोन संपवून परत आलेल्या दादांना दटावत होते.

"थांबवलंस कित्या? मागे लायन लागली हा. गाडी काढ."