आचारी, आचार्य आणि रिसबूड सर

श्रीनिवास रिसबूड कॉलेजातून निवृत्त झाले, पण त्यांची मतं काही निवृत्त झाली नाहीत. आयुष्यभर लोकप्रशासन शिकवलेला माणूस. सकाळी पेपर उघडला की सरकारने काय करायला हवं होतं, हे चहा निवायच्या आत त्यांना सुचलेलं असे. मग ते एका स्थानिक साप्ताहिकात छापून येई. रस्ते, रेशन, शाळा, पाणी, कुठलाच विषय त्यांनी उपाशी ठेवला नव्हता. सगळ्यात ठाम लेख कुटुंबावरचा. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने घरी असावं, पाळणाघर म्हणजे कुटुंबाने दिलेला राजीनामा समाजाने मंजूर करणं, असं त्यात लिहिलं होतं. त्या वाक्यावर सरांचा फार जीव.

२००८ साली त्यांनी आणखी एक लेख लिहिला. सरकारी कचेऱ्यांनी लोकांचा पैसा विकतच्या सॉफ्टवेअरवर उधळू नये, लिनक्स वापरावं. ते फुकट आहे, खुलं आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. लेख आला त्या दिवशी पत्नी आनंदीबाईंनी तो शांतपणे वाचला, अंकाची घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, "मग आपल्या घरचं सरकार कधी बदलताय?"

आता मागे हटणं शक्य नव्हतं. मुलगा सलिल हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने रविवारी वडिलांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, एकदा सवय झाली की दुसरं काही आवडणार नाही असं सांगितलं, आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या बसने निघून गेला. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये मागे उरले सर आणि लिनक्स.

आधी आवाज गेला. मग प्रिंटर. कॉम्प्युटर म्हणे प्रिंटर तयार आहे, प्रिंटर ढिम्म. पेन ड्राइव्ह मनाला येईल तेव्हा दिसे. एका अपडेटनंतर पडद्यावरच्या चौकटी एवढ्या मोठ्या झाल्या, की 'ओके'चं बटण खाली कुठेतरी पडद्याबाहेर गेलं. सलिलला फोन केला की तो मीटिंगमधून दबक्या आवाजात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी चौकट, उघडायला सांगे. सर एकेक अक्षर शोधून टाइप करत, आणि शेवटी इंग्रजीतून उत्तर येई, परवानगी नाही.

"माझ्याच घरात मला परवानगी नाही," सर म्हणत.

"होते सवय," आनंदीबाई संस्कृतच्या शिकवणीचे पेपर तपासता तपासता म्हणत.

जुनं परत घालून घ्यावं असं रोज मनात येई. पण छापून आलेला शब्द गिळणं सरांच्या स्वभावात नव्हतं.

खरा घोटाळा पुढेच होता. शाळांमध्ये दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बायकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर सरांनी मोठ्या तळमळीने एक लेख लिहिला. मथळा दिला, 'आचाऱ्यांना पोटापुरतं मानधन द्या'. पण लिनक्सवरच्या त्या मराठी अक्षरांत एक खोट होती. 'ऱ्या'मधला आडवा र तिथे उमटतच नसे. तो रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसे. सर ते पडद्यावर बघत होते, पण हा पडद्याचाच दोष, कागदावर नीट येत असणार, असा त्यांचा समज. त्यात अक्षरं वाटेत मोडू नयेत म्हणून लेखाची पीडीएफ करून पाठवायची, असं सलिलने शिकवलेलं. साप्ताहिकात समोर दिसलं तसं जुळवलं आणि मथळा आला, 'आचार्यांना पोटापुरतं मानधन द्या'. खाली सविस्तर वर्णन होतं. आचार्य भल्या सकाळी तांदूळ निवडतात, धुराने डोळे चोळतात, मोठमोठी पातेली घासतात, आणि तरी त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

सकाळपासून फोन सुरू झाले. एका जुन्या सहकाऱ्याने आमची बाजू कुणीतरी मांडली म्हणून आभार मानले. सर वाचनालयात गेले तर तिथे दोघांनी उठून नमस्कार केला आणि पातेली घासून झाली का, असं विचारलं. एरवी सरांनी अशा चेष्टेची सव्याज परतफेड केली असती. त्या दिवशी ते सरळ घरी आले. आपलं हसं झालं याचं त्यांना विशेष वाटलं नाही. त्या बायकांचं दुखणं मात्र चेष्टेत वाहून गेलं होतं, आणि ते त्यांना लागलं.

लिनक्सच्या मराठीचं काम करणारी मंडळी इंटरनेटवर असतात, असं सलिलने सांगितलं. सरांनी तिथे खरमरीत तक्रार लिहिली. पहिलं उत्तर कुणा अनोळखी माणसाचं आलं. ही कामं लोक फुकट करतात, एवढं खटकत असेल तर स्वतः दुरुस्त करा. सरांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं, त्यात उद्धटपणाही फुकटच मिळतो असं दिसतं, हे वाक्य होतं. ते पाठवायच्या आत दुसरं उत्तर आलं, मराठीतून, खराडीच्या पूर्णिमा ढोले यांचं. चूक खरी आहे. मी अकोल्याची, आणि मला माझं वऱ्हाडच नीट लिहिता येत नाही. अर्थ बदलतो असे आणखी शब्द पाठवाल का?

सरांना एवढं पुरलं. दर्या आणि दऱ्या, कुऱ्हाड, किनाऱ्यावर, वाऱ्यावर, सुचेल ते त्यांनी पाठवलं. मग रोजच पत्रापत्री सुरू झाली.

याच दिवसांत घरात एक प्रश्न पिकत आला होता. सून श्रद्धा हीसुद्धा हिंजवडीलाच नोकरीला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. जेवताना सरांनी आपलं मत मांडलं, की तिने वर्ष-दोन वर्षं घरी राहावं, नोकऱ्या काय, पुन्हा मिळतात. श्रद्धा कधी उलटून बोलत नसे. तिने पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"बाबा, हे तुम्ही सलिलला विचारलंत का?"

सलिल खाली बघून भात कालवत राहिला. आनंदीबाई म्हणाल्या, "सलिल लहान होता तेव्हा मी पीएच.डी. सोडली. तुम्ही तेव्हा कुटुंबविषयक धोरणावर निबंध वाचायला नागपूरला गेला होतात."

सरांना वाटलं, ही गोष्ट हिने इतक्या वर्षांत एकदाही काढली नव्हती.

त्याच आठवड्यात पूर्णिमाने लिहिलं, अक्षर बसवलंय, पण वळण मराठी डोळ्याला पटतंय का ते एकदा शेजारी बसून सांगाल का. सर बस बदलून खराडीला गेले. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींना लागून उठलेल्या एका सोसायटीत तिचं घर होतं. तिने दार उघडलं तेव्हा मूल कडेवर होतं. नवरा महिपती रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता.

ती कॉम्प्युटरपुढे बसली की मूल वायर ओढायला धावे. शेवटी तिने ते सरळ सरांच्या मांडीवर दिलं. "धरता का सर जरा?" सरांनी धरलं. मुलाने त्यांचा चष्मा काढला, चावून पाहिला, आणि त्याला तो पसंत पडला. तिकडे आडव्या र चं टोक थोडं खाली, थोडं वर, असं करत पूर्णिमा अक्षर वळवत होती. सर मान हलवून हो-नाही सांगत होते. मधेच मूल रडलं, ती उठली, त्याला भरवून परत बसली. तिच्या हाताला वेग होता. तो बघत राहावा असा होता.

सरांना ते घर आवडलं. आई घरात, मूल हसतंखेळतं, आणि आई बसल्या जागी भाषेचं काम करतेय. आपण लिहिलं ते हेच, असं त्यांच्या मनात आलं. ते म्हणालेही, "तुम्ही घरी राहायचं ठरवलंत, ते उत्तम केलंत."

पूर्णिमाने खिडकीकडे बोट केलं. समोरच्या दुसऱ्या इमारतीत तिचं ऑफिस होतं. लग्नाआधीपासून मूल होईपर्यंत ती तिथे होती.

"मुलासोबत राहायला आवडते मला सर," ती म्हणाली. "पण राहायचं का, हे कोणी विचारलं नाही. इथे बाळ ठेवायला जागा नव्हती, सासूबाईंना गाव सोडता येत नव्हतं. मग आपोआप ठरून गेलं. भांडण पण झालं नाही."

सरांना आपलं ते लाडकं वाक्य आठवलं. राजीनामा कुटुंबाने दिला नव्हता, या एका मुलीने दिला होता, आणि तो सगळ्यांनी मुकाट्याने मंजूर केला होता. परतीच्या बसमध्ये ते स्वतःशी वाद घालत राहिले. मुलाला आपली माणसं हवीत, हे त्यांना अजूनही पटत होतं. पण आपली माणसं म्हणजे एकटी आई, हे आपण कुठून आणलं? घर येईपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी श्रद्धाला सांगितलं, "तू कामावर जा. सकाळी मी आहे."

"आणि लंगोट?" आनंदीबाईंनी विचारलं.

"शिकेन."

"टर्मिनल उघडून?"

श्रद्धाला हसू आवरलं नाही, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसले.

सर शिकले, पण अख्खा दिवस तान्ह्या नातीला सांभाळणं हे दोन म्हाताऱ्यांच्या आवाक्यातलं नाही, हेही शिकले. आनंदीबाईंनी शिकवण्या सोडाव्यात, असं म्हणायची हिंमत आता त्यांना नव्हती, आणि इच्छाही. सोसायटीचा तळमजल्याचा हॉल वर्षभर रिकामा पडलेला. तिथे पाळणाघर काढावं, असा प्रस्ताव त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला. रडण्याचा आवाज येईल, पार्किंगला अडचण होईल, अशा हरकती आल्या. एका गृहस्थांनी तर सरांचाच लेख उभं राहून वाचला, राजीनाम्याच्या वाक्यासकट.

"लिहिलं होतं खरं," सर म्हणाले. "तोवर मी एकही मूल सांभाळलं नव्हतं."

मग सेक्रेटरी बापूराव उठले. बोलण्यात कमी, नियमात कडक माणूस. माझी सून दोन वर्षं घरात बसलीय, ती शिकलेली आर्किटेक्ट आहे, एवढंच त्यांनी सांगितलं आणि प्रस्तावाला अनुमोदन दिलं. पुढे फार कुणी ताणलं नाही. अंगणवाडीत उभी हयात काढलेल्या गोदाबाई जवळच राहत होत्या. त्यांना बोलावलं. पगार किती द्यायचा यावर सभासद घासाघीस करू लागले, तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, की गोदाबाईंनी पोट कुठे ठेवून यायचं. घासाघीस तिथे थांबली.

पुढच्या अपडेटमध्ये पूर्णिमाचं अक्षर आलं. सरांनी 'आचाऱ्यांना' टाइप केलं आणि आनंदीबाईंना बोलावून दाखवलं. साप्ताहिकाने तो लेख योग्य मथळ्याने पुन्हा छापला. या खेपेला फोन एका शाळेतून आला. तिथे खिचडी करणाऱ्या बायकांनी लेख भिंतीवर चिकटवला होता. पूर्णिमाला तिच्या मराठीच्या कामावरून एका कंपनीने अर्धवेळ काम दिलं, आणि पहिल्या पाळीहून आलेला महिपती दुपारनंतर मुलाला घेऊन बागेत जाऊ लागला. प्रिंटरने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही.

पाळणाघर सुरू झाल्यावर सरांनी नवा लेख लिहिला. प्रत्येक नव्या आयटी इमारतीत लहान मुलांसाठी जागा ठेवणं महापालिकेने सक्तीचं करावं, अशी मागणी होती. या वेळी पाठवण्याआधी त्यांनी तो घरात वाचायला दिला. आनंदीबाईंनी दोन अलंकारिक वाक्यं काढून टाकली. श्रद्धा कामावरून नुकतीच आली होती. लेकीला खांद्यावर टाकून तिने उभ्या उभ्या लेख वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, 'नोकरी करणाऱ्या आयांसाठी' का? आईबाप दोघंही म्हणा ना."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग खुर्ची पुढे ओढली आणि बदल करायला बसले.