दाराचं टेबल

कुंदावहिनी गेली, हे मला कुणी सांगितलंच नाही. सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत मी नुंगंबाक्कमच्या माझ्या फ्लॅटला कुलूप घालत होते आणि दादाचा फोन आला. "विजू, टेबल हलवायचंय. येतेस का?" एवढंच म्हणाला. वहिनी काही दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये होती, साध्या तापाचा न्यूमोनिया झाला होता, पण आदल्या संध्याकाळी मी भेटून आले तेव्हा बरी वाटत होती. आत्ता कसलं टेबल, असं मी विचारणारच होते... आणि मग कळलं. पूनमल्लीतल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या पोर्शनमध्ये बाहेरची खोली एकच, आणि ती सगळी त्या टेबलाने अडवलेली. तिला घरी आणायचं तर ठेवायला जागा तेवढीच होती. मी ऑटोत बसले. रडू आलं नाही. खूप दमल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो थकवा अजून गेलेला नाही.

ते टेबल म्हणजे मुळात एक दार. दादाला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कऱ्हाडहून दोघं इकडे तमिळ मुलखात आली, तेव्हा घरात एक कॉट आणि दोन ट्रंका होत्या. दुकानातलं जेवणाचं टेबल परवडणार नव्हतं. वहिनीने कुठल्याशा पाडलेल्या घराच्या लाकूडसामानातून एक सपाट सागवानी दार आणलं, दोन जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर आडवं टाकलं आणि म्हणाली, झालं टेबल. दाराला कुलपाच्या जागी वाटोळं भोक होतं, कुणीतरी कुलूप बदलताना कोरून मोठं केलेलं. दादा म्हणाला, बुजवून घेऊ. वहिनीने इकडचा कॉफीचा स्टीलचा ग्लास त्यात सोडून पाहिला. काठ बाहेरच्या बाजूला वळलेला असल्यामुळे ग्लास बरोबर अडकून राहिला. मग ते भोक कधीच बुजवलं गेलं नाही. लांब बाजूच्या मध्यावर, कडेपासून वीतभर आत, तो ग्लास कायम असायचा आणि त्यात जे मिळेल ते... कढीपत्त्याची काडी, शेवग्याचा पाला, एखादं विड्याचं पान. ग्लासामुळे त्या जागी ताट ठेवता यायचं नाही, म्हणून तिथे कुणी बसत नसे. वहिनी तिथे उभी राहून वाढायची.

तिला लोक घरी यायला हवे असायचे. मला नको असायचे, आजही नको असतात. दिवसभर बँकेत माणसंच बघितल्यावर घरी आलेल्या माणसाकडे हसून बघायचं त्राण माझ्यात उरत नाही. लग्न केलं नाही त्यामुळे मला कुणी फार विचारतही नाही. पण वहिनीचं तसं नव्हतं. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली, तेही भाजी निवडता निवडता, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. दादाच्या कारखान्यात कोल्हापूर-सांगलीकडून नव्याने आलेले इंजिनिअर, त्यांच्या नव्या नवऱ्या... सणाला यांना घर नसतं, असं म्हणून तिने भाऊबीजेचं जेवण सुरू केलं. ज्यांची बहीण इथे नाही आणि जिचा भाऊ इथे नाही, त्या सगळ्यांनी पूनमल्लीला यायचं. मी तर सख्खी बहीण, मला सुटका नव्हती.

पैसे बेताचेच असायचे, आणि तिने ते कधी लपवलं नाही आणि दाखवलंही नाही. सणाच्या दिवशी फूल विकत घ्यायचं नाही, हा तिचा नियम. त्या दिवशी फुलवाले बोलतील ती किंमत होते, पण झाडाच्या पानाला कुणी पैसे मागत नाही. खालच्या अंगणातली केळ कापली की ती खोडाचे जाड काप करायची, मधे टोकरून पणती बसवायची, की हिरवे-पांढरे दिवे तयार. कोशिंबीर शहाळ्याच्या अर्ध्या करवंटीत. टेबलाच्या मधोमध एक लांब पट्टी, विरलेल्या कांजीवरमचा नुसता काठ, साडी केव्हाच फाटलेली. ताटं एकसारखी नव्हती, तर ती मुद्दाम एक मोठं एक लहान अशी मांडायची, म्हणजे तसंच ठरवून केल्यासारखं दिसे. पदार्थ मोजके. पदार्थ कमी असले की मांडायला जागा राहते, असं तिचं म्हणणं. आमच्या ऑफिसातल्या बाईंकडे मी एकदा डेकोरेटरने सजवलेलं टेबल पाहिलं. चांगलं होतं. पण तिथे मला हात कुठे ठेवावा कळेना, आणि सजावट उडू नये म्हणून पंखा बंद होता.

पंख्यावरून वहिनीनेही एका वर्षी फार सोसलं. पहिल्यांदा तिने आपल्याकडच्यासारखी कोरडी रांगोळी टेबलाच्या कडेने काढली होती. लोक आले, घामाने भिजले, कुणीतरी पंखा लावला आणि रांगोळी वरणात गेली. पंखा बंद केला तर माणसं हाश-हुश करायला लागली. वहिनीचा चेहरा पडला. खाली राहणाऱ्या घरमालकीण रुक्माबाई तेवढ्यात वर आल्या. तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यांची मराठी ऐकली की आपण दुसऱ्याच काळात आहोत असं वाटतं, आणि मधूनमधून तमिळ. त्या शांतपणे म्हणाल्या, "पीठ भिजीव गे, मग कसं उडतें बघूं." दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला शिकवलं. तांदळाचं पीठ पाण्यात पातळ कालवायचं, त्यात चिंधी बुडवायची आणि बोटांमधून धार सोडत रेघ ओढायची. काढताना काही दिसत नाही, सुकलं की पांढरंशुभ्र उमटतं. रुक्माबाई त्याला कोलम म्हणायच्या, वहिनी रांगोळीच म्हणायची. तेव्हापासून त्या घरात रांगोळीसाठी पंखा कधी बंद केला नाही. जे पंख्याखाली टिकत नाही ते टेबलावर ठेवायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं.

मी जिना चढून वर गेले की ती पाणीसुद्धा विचारायच्या आधी पंख्याचं बटण दाबायची. पंख्याखालची वेताची खुर्ची माझी. "आधी जरा वारा घे," म्हणायची, आणि मला एकही काम सांगायची नाही. बाकी सगळ्या बायकांना सांगायची, कुणाला पानं पुसायला, कुणाला लिंबं चिरायला. मला नाही. एका वर्षी मी विचारलंच, मला का नाही सांगत? तर म्हणाली, तू वर्षभर काम करतेस, इथे तरी पाहुणी हो. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला पाहुणी कुणी केलं असेल तर तिने. आई गेल्यावर तर कुणीच नाही.

मागच्या भाऊबीजेला सगळे गेल्यावर ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, घोटे सुजलेले. मी म्हटलं, "वहिनी, बास कर आता. किती वर्षं करशील?"

"थकते की गं," ती म्हणाली. "पण हे आले नाहीत तर मी आणि तुझे दादा त्या एवढ्या टेबलावर दोघंच काय करणार?"

ती उठली आणि ओल्या फडक्याने रांगोळी पुसायला लागली.

ती गेली त्या सकाळी दादा, मी आणि खालच्या दुकानातले दोघं, असं आम्ही ते दार स्टँडवरून उतरवलं आणि भिंतीला उभं केलं. ग्लास मी काढून ओट्यावर ठेवला, त्यात कढीपत्त्याची वाळलेली काडी होती. दिवस झाले, माणसं पांगली, पण दार तिथेच उभं राहिलं. दादा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायला लागला. मी दोनदा म्हटलं, टेबल परत लावू या. तो म्हणाला, कशाला. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. मला वहिनीचा राग यायचा. इतकी वर्षं एवढा पसारा मांडून ठेवला आणि आवरायच्या वेळी स्वतः निघून गेली.

दिवाळी तोंडावर आली तशी विचारणा सुरू झाली. सांगलीची सायली, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, वहिनीची लाडकी. तिचा फोन आला. विजूताई, यंदा... असं म्हणून थांबली. मी सांगितलं, वर्षभर सण नाही, रांगोळी नाही, ओवाळणं नाही, जेवणही नाही. बाकीच्यांनाही कळव. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता ते जेवण कायमचं संपणार, पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही, आणि ते मी माझ्या तोंडाने संपवलं होतं. दादाला सांगितलं तर त्याने नुसती मान हलवली.

भाऊबीजेला मी तरीही गेले. भाऊ एकटा आहे, एवढ्यासाठीच. आम्ही दोघं बसलो होतो आणि दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सायली होती, मागे तिचा नवरा, आणि त्यांच्या मागे बाकीचे सगळे. प्रत्येकाच्या हातात डबा. सायली दारातच थांबून घाईघाईने सांगायला लागली की ते जेवायला नाही आलेत. तिची आई फोनवर म्हणाली, ज्या घरी दुखवटा असतो तिथे फराळ करत नाहीत, बाहेरच्यांनी नेऊन द्यायचा असतो. म्हणून आणलाय. ठेवून जाऊ. मी त्यांना आत घेतलं. आमच्या आईनेही कितीतरी घरी असे डबे पोचवले होते.

पण डबे ठेवायचे कुठे? खोलीत एक खुर्ची आणि मधे मोकळी फरशी, जिथे वहिनीला ठेवलं होतं. तिथे डबा ठेवायला कुणाचा हात होईना. सगळे डबे छातीशी धरून उभे. दादाने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठला, भिंतीशी गेला आणि दाराचं एक टोक धरलं. सायलीचा नवरा डबा खुर्चीवर ठेवून धावला. स्टँड ओढली गेली, दार आडवं झालं, सायलीने पदराने धूळ पुसली. नुसतं लाकूड. ना काठाची पट्टी, ना दिवे, ना रांगोळी. एकेक जण पुढे होऊन डबा ठेवत गेला, चकल्या, लाडू, कुणाच्या घरचा शंकरपाळ्यांचा ढीग... जागा पुरेना, डब्यावर डबे चढले. आणि सगळं ठेवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की लांब बाजूच्या मध्यावर, त्या भोकापाशी, ताटभर जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ते रिकामं भोक तेवढं दिसत होतं आणि खालची फरशी.

मला ते बघवेना. काहीतरी ठेवावं असं वाटत होतं आणि ठेवायचं नसतं हेही माहीत होतं. रुक्माबाई दम खात जिना चढून आल्या होत्या, त्यांच्याही हातात डबा. या घरात रीतभात सांभाळायची ती त्यांनी, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी टेबल पाहिलं, ते भोक पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "कोलम नक्को. फूल नक्को. तिचा गलास ठेव गे, पाणी घालून. पाणी काय सण अहे?"

ग्लास ओट्यावरच होता. मी आणायला वळले तर दादाने आधीच घेतला होता. त्याने तो धुतला, पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधून भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणला. भोकात सोडताना थोडं पाणी सांडलं. ते त्याने तसंच राहू दिलं. मग तो सगळ्यांना म्हणाला, "उभे का? बसा. पंखा लावा कुणीतरी." पंखा सुरू झाला, ग्लासातल्या पाण्यावर बारीक लहर उठली, आणि मी इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा रडले. सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांसमोर. सायलीने एक डबा उघडून माझ्यापुढे केला.

टेबल आता तसंच आहे. पुढच्या वर्षी जेवण होईल की नाही, कोण वाढेल, मला ठाऊक नाही. माझ्याच्याने वहिनीसारखं होणार नाही, हे मी सायलीला सांगून ठेवलंय. तरी तिने परवा रुक्माबाईंकडे जाऊन चिंधीने रेघ ओढायचा सराव सुरू केला आहे म्हणे. मी रविवारी जाते. ऑफिसचा आठवडा अंगावर घेऊन जिना चढते, गुडघे बोलतात, दाराशी पोचेपर्यंत श्वास लागतो. दादा आतून येतो, आधी पंख्याचं बटण दाबतो, आणि वेताच्या खुर्चीकडे बघत म्हणतो, "आधी जरा वारा घे." मग तो ग्लासातलं पाणी बदलायला आत जातो.