आजीच्या आवाजात प्रार्थना

आजीची आठवण म्हणल्यावर तुम्ही लगेच तुळस, समई आणि जपमाळ काढून बसला असाल. ठेवा आत. आमची आजी चर्चला जायची. आता तुमच्या डोळ्यापुढं मेणबत्ती, पांढरी साडी आणि खाली घातलेली नजर आली असेल. तेही ठेवा. साडी पांढरी होती, खरंय. पण नजर खाली? उपासनेला उशिरा कोण आलं, कुणी कुणाशेजारी बसायचं टाळलं, उपदेश देणाऱ्या पाळकसाहेबांचा शर्ट बगलेत कुठं उसवलाय, सगळं तिला बाकावर बसल्या जागी दिसायचं. आणि घरी येऊन ती ते सांगायची. आम्हाला नाही, देवाला.

तिची प्रार्थना म्हणजे अख्ख्या शुक्रवार पेठेच्या बातम्या. रोज सकाळी चहाआधी आमच्या घरी, आणि कुणी बोलावलं की पेठेतल्या घरोघरी. सुरुवात ठरलेली. "चला, डोळं मिटा." मग, "प्रभू, तुला सगळं म्हाईत हाय, तरी सांगते." आणि सांगायचीच की! नळाला पाणी आलं पण जोर न्हाय. मागच्या घरातल्या सुनेला सुबुद्धी दे, आन सासूला तिच्या आधी दे. तोवर आमच्या चहावर साय धरायची. पप्पा हळूच एक डोळा उघडून घड्याळ बघायचे, तर मिटल्या डोळ्यांनी आजी म्हणायची, "प्रभू, माझ्या लेकाला तुझ्यापेक्षा हापिसाची घाई हाय. त्याला क्षमा कर."

मी लहानपणापासून नकला करतो. हेडसर, एसटीतला कंडक्टर, पाळकसाहेब. पण आजीची नक्कल एक नंबर, आणि ती मी तिच्यासमोरच करायचो. ती ओरडायची नाही, दुरुस्त करायची. "'प्रभू' म्हणताना एवढं रडू नगं रं. भीक मागतीय व्हय मी? बोलतीय त्याच्याशी."

ती गेली आणि पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये तिची स्मरणसभा ठेवली. नातवानं चार शब्द बोलायचं ठरलं. निघताना पप्पांनी मला दारातच धरलं. "सरळ बोलायचं. आवाज काढलास तर सगळ्यांसमोर थोबाडीत देईन."

मी मान डोलावली. खरंच सरळ बोलणार होतो. पण आधी बोलायला उठले ते एकेक जण! एक काका म्हणाले, बाई फार शांत होत्या. दुसरे म्हणाले, कधी कुणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, अगदी मितभाषी. मी मम्मीच्या कानात म्हणलं, "मम्मी, आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलोय का?" तिनं असला चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं, आणि समोरच्या बाईंनी मला कौतुकानं रुमाल दिला.

 आमच्या आजीला पुसून तिथं कुणीतरी गरीब म्हातारी बसवत होते. सभा अशीच संपली असती, तर चर्चमध्ये ती खरी कशी होती ते कुणी म्हणलंच नसतं.

माझं नाव पुकारलं. माईकपाशी गेलो. पप्पा डोळे वटारून बघत होते. मी नसलेला पदर डोक्यावर घेतला, तिच्यासारखा घसा खाकरला आणि तिच्याच आवाजात म्हणलं, "चला, डोळं मिटा."

मला वाटलं, हशा पिकेल.

सगळ्यांनी डोळे मिटले की! बायकांनी पदर घेतले, पाळकसाहेबांनी हात जोडले, वटारलेले पप्पांचे डोळेसुद्धा मिटले. इतक्या वर्षांची सवय. तो आवाज आला की माना खालीच. आता आली का पंचाईत? नक्कल मध्येच सोडता येते, प्रार्थना नाही सोडता येत. आमेनपर्यंत जावंच लागतं.

"प्रभू, तुला सगळं म्हाईत हाय, तरी सांगते," मी सुरू केलं. "आज माझ्याबद्दल लई गोड बोलले सगळे. त्यास्नी क्षमा कर. मला शांत म्हणणारा भाऊ माझ्या शेजारी कदी बसला न्हाय, त्याचा काय दोष न्हाय."

मागून कुणीतरी फुसकन् हसलं आणि त्याचा खोकला केला. खांदे हलायला लागले. मी नळाचं सांगितलं, सासूचं सांगितलं. मग तोंडातून आपोआप निघालं, "आन माझ्या लेकानं सकाळपास्नं काय खाल्लं न्हाय. त्याला जरा खायला सांग."

हसू थांबलं. कोपऱ्यातनं एक म्हातारा पुटपुटला, "व्हय प्रभू." माझाच आवाज फुटायला लागला, म्हणून घाईघाईनं आमेन म्हणून टाकलं. आमेन एवढं दणक्यात आलं की पंख्यावरची कबुतरं उडाली.

बाहेर चहा चालला होता. पप्पांनी थोबाडीत दिली नाही. नाक पुसत पुसत चहात बिस्किट बुडवून खात उभे होते. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून माझा कान धरला गेला. आजीची धाकटी बहीण, अक्कलकोटहून आलेली.

"अय्यो, अक्कल हाय का तुला? अख्ख्या पेठेचं सांगितलंस, नळाचं बी सांगितलंस! आन माझ्या गुडघ्याचं? ती रोज सांगायची त्याला. आता कोण सांगणार, तुझा बाप? हसतोस काय दात काढून? चल, मिट डोळं. तिच्याच आवाजात म्हण, माझं म्हणलेलं त्यो ऐकत न्हाय. आन नीट सांग, डावा गुडघा. डावा! न्हायतर उजवा बरा करून बसंल."